हवा आत कुठून येते

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. प्रज्ञेश त्याच वर्षी पुसेगावात जन्मला. शाळेच्या दाखल्यावर त्याची जन्मतारीख एक जून आहे; पण त्याची आई पद्माबाई सांगते, की तेव्हा पोळा होऊन गेला होता आणि एक जून ही तारीख गुरुजींनी वर्गातल्या निम्म्या पोरांना वाटून टाकली होती. दोहोंत आईचे म्हणणे अधिक भरवशाचे मानावे लागते. गुरुजींना तो पोळा लक्षात ठेवण्याचे काही कारण नव्हते.

नांदेडला रसायनशास्त्रात एमएस्सी करून प्रज्ञेश परत आला तो हिंगोलीच्या बाहेर, हळदीच्या गोदामांच्या रांगेत असलेल्या व्यंकटरावांच्या तपासणी प्रयोगशाळेत. व्यंकटराव मूळचे अडतदार. एका वर्षी त्यांची हळद कीटकनाशकाचा अंश सापडला म्हणून परदेशातून फिरून आली. त्या रागात त्यांनी अडत धाकट्या भावाच्या स्वाधीन केली आणि हैदराबादच्या एका बंद पडलेल्या औषध कारखान्यातून जुने मास स्पेक्ट्रोमीटर उचलून आणले. मालाला नाव ठेवायचे तर ते आता इथेच, आपल्या अंगणात ठेवले जावे, असा त्यांचा हिशेब होता.

यंत्र चालवणारा पहिला तरुण न सांगता पुण्याला निघून गेला. तेव्हापासून व्यंकटराव नव्या माणसाची मूळ गुणपत्रके आणि पदवीचा कागद आपल्या लोखंडी अलमारीत ठेवून घेत. प्रज्ञेशचेही कागद तिथेच होते. नोकरीला लागताना त्याने ते आनंदाने दिले होते. हैदराबादच्या एका मोठ्या प्रयोगशाळेने त्याची निवड कळवली आणि मूळ कागदपत्रांसह रुजू व्हा असे लिहिले, तेव्हा त्याला त्या अलमारीचा अर्थ कळला.

व्यंकटराव चिडले नाहीत. त्यांनी त्याला चहा पाजला.

“जा ना बाबा. तुला कोण अडवून राहिलं? फक्त मशीन एकदा साफसूफ करून, चालू करून माझ्या हाती दे. मंग कागद ने आन सुखानं जा.”

ही अट प्रज्ञेशला रास्त वाटली. यंत्राची सफाई तशीही करायचीच होती.

हळदीच्या अर्काचा सूक्ष्म थेंब त्या यंत्रात वायू होऊन शिरतो, त्याच्या रेणूंचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा वजनाप्रमाणे वेगळा मोजला जातो. ही सारी धाव निर्वात पोकळीत व्हावी लागते. आत हवा असली की तुकडे तिच्यावर आपटून वाटेतच संपतात. म्हणून जमिनीवरचा तेलाचा पंप आणि आतला वेगवान पंप असे दोघे मिळून त्या पोकळीतली हवा रात्रंदिवस उपसत असतात. सफाई करायची तर पंप थांबवावे लागतात, आत हवा सोडावी लागते, बाजूचे दार उघडून आतले धातूचे भाग काढून घासावे लागतात. घासणे सोपे असते. खरी कसोटी दार पुन्हा लावल्यावर लागते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी प्रज्ञेशने यंत्र उघडले. भाग घासून, धुऊन त्याने वाळायला ठेवले, बाजूचे दार स्क्रू न लावता नुसते लोटले आणि त्यावर कागद चिकटवला: ‘हात लावू नये.’ नवमीला प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा होती, ती दरवर्षी मालकीणबाई करत; दुसऱ्या दिवशी दसरा. त्याच्या घरचे दरवर्षी विजयादशमीला नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. पद्माबाईंना घेऊन तोही गेला. पूजेला तो कधीच नसे, आणि त्यावर तोवर कोणी काही बोलले नव्हते.

परत आल्यावर त्याने दाराच्या चौकटीतली काळी रबरी रिंग मेथॅनॉलच्या फडक्याने पुसली. फडके जरासे पिवळे झाले. त्याने त्याकडे लक्ष दिले नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे कठीण आहे. त्या इमारतीत पंख्याची पाती पिवळी आहेत, कॅलेंडर पिवळे आहे, तराजूवर हळद तोलणाऱ्या बालाजीची नखे तर धुऊनही पिवळीच राहतात. तिथे पिवळेपणा हा कशाचाच पुरावा होत नाही.

भाग जागेवर बसवून, दार आवळून त्याने पंप सुरू केले. तेलाचा पंप आधी गुरगुरला, मग त्याचा आवाज खाली यायला हवा तसा आला, पण पुरता आला नाही. दाब उतरत उतरत एका जागी येऊन अडला.

पहिल्या दिवशी त्याला काळजी वाटली नाही. यंत्र सुटीभर उघडे होते. आतल्या भिंतींनी ओल धरली असणार. पडद्यावर त्याने आतल्या हवेचा आलेख काढला. अठरा या आकड्याचे टोक उंच होते. अठरा म्हणजे पाणी. ते दिवसभरात बसते. दुसऱ्या दिवशी ते बसलेही. पण अठ्ठावीस आणि बत्तीस, म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन, जागचे हलले नाहीत. त्यातही अठ्ठावीस बत्तीसच्या चौपट होता. बाहेरच्या हवेतले प्रमाणही तेच. म्हणजे आत अडकलेली ओल नव्हे, बाहेरची ताजी हवा कुठूनतरी सतत आत येत होती.

तो आधी स्वतःच्या हातावर संशय घेत गेला. यंत्रात शिरणाऱ्या बारीक नळीचा नट तापल्यावर सैल पडतो. तो त्याने पुन्हा आवळला. फरक नाही. पंपाचे तेल पाहिले, हवा सोडायची झडप पाहिली. शेवटी नळीच काढून त्या तोंडाला बंद नट लावला, म्हणजे निदान ती वाट तरी संशयातून सुटावी. प्रत्येक वेळी यंत्र थंड होऊ द्यायचे, आत हवा सोडायची, बदल करायचा, पुन्हा पंप लावायचा आणि आकडा कुठे अडतो ते पाहत बसायचे. एकेका प्रश्नाला एकेक दिवस. आकडा दरवेळी तिथेच अडे.

यंत्राच्या खोलीला खिडकी नाही. धूळ येऊ नये म्हणून व्यंकटरावांनी ती विटांनी बुजवून घेतली होती. भिंतीवर चौकटीची खूण अजून दिसते. आत एसीचा एकसुरी आवाज, पंपाची गुरगुर आणि दार उघडले की नाकात शिरणारा हळदीचा वास. प्रज्ञेश सकाळी आत गेला की बाहेर ऊन आहे का आभाळ, हे त्याला बालाजीच्या शर्टाकडे पाहून कळे. हैदराबादहून फोन आला, त्यांनी सोमवारपर्यंत थांबायची तयारी दाखवली. आईचा फोन आला.

“निघतोस का न्हाई मंग?”

“मशीन धरत न्हाई आई.”

“मशीन तुला धरून बसलं असं म्हण की.”

व्यंकटराव दिवसातून एकदा दारात उभे राहत. मुद्दाम टोचावे असा त्यांचा स्वभाव नव्हता. पण घाबरले की त्यांची जीभ सैल सुटे.

“पूजेला थांबला असतास तं ही तकलीफ झाली असती का? सगळ्या यंत्रावर फूल वाहिलं. तुझंच तेवढं रुसून बसलं.”

बालाजीने तराजूवरची मान न उचलता म्हटले, “मानपान न झालेल्या व्याह्यावानी रुसलं, मालक. आता त्याला आहेर करा.”

“तू हळद तोल.”

बालाजी वारंगा फाट्याकडचा, पंचेचाळिशीचा, पूर्वी हळद शिजवायच्या कढईवर काम केलेला गडी. नमुने दळून, तोलून त्यांचा अर्क काढून देणे हे त्याचे काम. व्यंकटराव गेल्यावर तो आत आला.

“येवढं काय शोधून राहिलास? सायकल पंक्चर झाली तं पाण्यात बुडवून बुडबुडा पाहतेत. ह्याला काय बुडवता येत न्हाई का?”

“बाहेरून आत जाते हवा, आतून बाहेर न्हाई. बुडबुडा कुठून दिसणार? दुसरा वायू पाहिजे. अरगॉन. जिथून फट हाय तिथं मारला की पडद्यावर चाळीसचं टोक वर येईल.”

“अरगॉन म्हंजे ते स्टीलच्या वेल्डिंगला लागतं ते?”

“तेच.”

“मंग इतके दिस बोलला काहून न्हाईस? फाट्यावर रेलिंगवाल्याकडं नळकांडं पडलेलं असतं.”

दुसऱ्या दिवशी बालाजी मोटारसायकलच्या ट्यूबमध्ये अरगॉन भरून, ती जानव्यासारखी खांद्यावरून घालून आला. एसटीत कंडक्टरने ती ट्यूब फुटेल का म्हणून विचारले होते. “फुटली तं तुमचीच गाडी हलकी होईल” असे आपण उत्तर दिले, असे तो सांगतो.

ट्यूबच्या तोंडाला बारीक नळी लावून प्रज्ञेश यंत्राभोवती फिरू लागला. हवेपेक्षा अरगॉन जड, खाली उतरतो. म्हणून सुरुवात खालून. झडपेपाशी काही नाही. नळीच्या तोंडापाशी काही नाही. पडद्यासमोर बालाजी बसला होता.

“चाळीस?”

“जिथल्या तिथं.”

“आता?”

“झोपलंय.”

दाराच्या चौकटीचा खालचा डावा कोपरा आला. प्रज्ञेशने ट्यूबवर गुडघा टेकला.

“आला, आला! बैलावानी उठला!”

नळी बाजूला केली, टोक खाली गेले. पुन्हा नेली, पुन्हा वर. प्रज्ञेशने तीनदा करून पाहिले, कारण दोनदा झालेल्या गोष्टीवर त्याचा विश्वास बसत नसे.

यंत्र थंड करून त्याने दार उघडले. या वेळी रिंग नुसती पुसली नाही. लाकडी काडीने हलकेच उचलून खोबणीतून काढली. एरवी ती कोणी काढत नाही, ओरखडा पडायची भीती असते. खालच्या डाव्या कोपऱ्यात, रिंगेच्या खाली, तांदळाची एक गुलाबी कणी होती. तिच्यावर बसून रिंग केसाएवढी उचलली गेली होती.

बालाजी वाकून जवळ आला.

“अक्षता,” बालाजी म्हणाला. मग आवाज उतरवून, “टाकून दे. रबर खराब झालतं म्हण. नवं बसवलं म्हण. कोणाला काय समजतंय?”

प्रज्ञेशने कणी चिमट्याने उचलून नमुन्याच्या काचेच्या बाटलीत टाकली. तिचे काय करावे हे त्याला कळत नव्हते. सांगावे, तर मालकिणीच्या पूजेत खोट काढली असे होणार. आणि काढणारा कोण, तर पूजेला न थांबता नागपूरला गेलेला पुसेगावचा बौद्ध पोरगा. यंत्र रुसल्याचे ज्यांनी बोलून दाखवले, ते मग आणखी काय बोलतील याचा त्याला अंदाज होता. न सांगावे, तर सफाईत चूक त्याची ठरणार, आणि चुकणाऱ्या माणसाला व्यंकटराव “अजून थोडं शीक, मंग जा” म्हणून ठेवून घेणार. शिवाय पुढच्या नवमीला पुन्हा अक्षता पडणार होत्याच. त्याने रिंग साफ केली, बसवली, दार आवळले, पंप सुरू केले आणि बाटली खिशात टाकून तो अंगणात आला.

प्रयोगशाळा आणि व्यंकटरावांचे घर एकाच अंगणात आहे. मंजुळाबाई, त्यांची पत्नी, दसऱ्याची झेंडूची तोरणे दारावरून उतरवत होत्या. वाळलेल्या पाकळ्या त्यांच्या पदरावर पडत होत्या.

“काकू, नवमीला माझ्या मशीनची पूजा केलती का तुमी?”

“केली तं. सगळ्यात मोठं तेच हाय. काहून?”

त्याने बाटली पुढे केली. मंजुळाबाईंनी ती उजेडात धरली.

“ही माझीच अक्षता. ओल्या कुंकवात म्याच कालवली. कुठं घावली?”

“दाराच्या आत. दारावर कागद लावला होता काकू, हात लावू नये म्हणून.”

“वाचला की. मला वाचता येतं. पर हात न लावता हळदकुंकू कसं लावायचं, ते सांग.” त्या स्टुलावरून उतरल्या. “नुसतं लोटलेलं होतं ते. आन दार म्हटलं की उंबरठा आला. उंबरठा कोरडा ठेवायचा आन वरून एक टिकली लावून यायचं, ही आमच्या घरची रीत न्हाई. चार बोटं हळद वढली, त्यावर कुंकू, दोन दाणे. दार जसं होतं तसं लोटून दिलं.”

प्रज्ञेश थांबला. त्याने परत येऊन दार उघडले तेव्हा चौकटीवर चार बोटे हळद नव्हती. फडके पिवळे झाले होते, तेवढेच.

“मंग ते पुसलं कोणी?”

“पुसलं?” मंजुळाबाईंचा चेहरा बदलला. “पुजलेला उंबरठा त्याच दिवशी पुसतेत व्हय? म्या न्हाई पुसला.” त्यांनी पुन्हा बाटलीकडे पाहिले. “म्हंजे इतके दिस तू त्या खोलीत कोंडून राहिलास, ते माझ्या दाण्यानं?”

“दाण्यानं न्हाई. दाणा रिंगखाली गेला म्हणून. वर राहिला असता तं मी पुसलं तवाच निघाला असता.”

“एकच झालं.”

“न्हाई काकू, एक न्हाई.”

त्या त्याच्याकडे पाहून किंचित हसल्या, मग हसू मावळले. “आन ह्यांनी तुलाच ऐकवलं असंल, पूजेला थांबला न्हाईस म्हणून.”

मंजुळाबाईंनी बाटली परत केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दाब जिथे जायला हवा तिथे गेला. अठ्ठावीस आणि बत्तीस शेजारी शेजारी बुटके होऊन बसले. व्यंकटराव आले, पडद्याकडे पाहत राहिले, मग प्रज्ञेशच्या पाठीवर त्यांनी इतका जोराचा हात मारला की त्याचा चष्मा हलला.

“असा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार न्हाई. कंपनीचा इंजिनीअरबी दोन महिने आला नसता. आता तं तुला सोडायचा सवालच न्हाई! बोल, काय पाहिजे? खोलीला खिडकी पाहिजे? पाडून देतो.”

बिघडलेल्या यंत्राने प्रज्ञेशला अडकवले होते, ते चालू झाल्याने तो अधिकच अडकला. शिव्या देणाऱ्या मालकाशी भांडता येते. पाठ थोपटणाऱ्याशी कसे भांडावे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

“सर, तुमी म्हणले होते, चालू करून दे आन जा.”

“म्हणलो होतो. पर उद्या पुन्हा बिघडलं तं?”

“पुन्हा काहून बिघडंल?” मंजुळाबाई दारात उभ्या होत्या. प्रयोगशाळेत त्या वर्षातून एकदा, नवमीलाच येत. त्यांनी बाटली व्यंकटरावांपुढे टेबलावर ठेवली. “हे बिघडवलं म्या. नवमीला उंबरठा पुजला, त्यातला दाणा ह्याच्या रबराखाली गेला. त्या पोरानं शोधून काढला. तुमी म्हणत होते, पूजा न केल्यानं रुसलं. पूजेनंच रुसलं.”

व्यंकटराव बाटलीकडे आणि मग बायकोकडे पाहत राहिले. “असं चारचौघांत काहून बोलून राहिली?”

“चारचौघं कुठंयत? बालाजी हाय. त्याला आधीच माहीत असतं सगळं.”

बालाजीने तराजूचे काचेचे दार लावून घेतले.

“त्याचे कागद द्या,” त्या म्हणाल्या.

“कागद सुरक्षित हायेत.”

“सुरक्षित तं माझ्या रुखवतातली परातबी हाय. कवा जेवायला घेतली तिच्यात?” त्यांनी कमरेचा जुडगा काढला. व्यंकटरावांच्या अलमारीची दुसरी किल्ली नेहमी त्यांच्याकडे असे. अलमारीच्या दारावरही नवमीचे कुंकू होते, तडकलेले. त्यांनी ते बोटाने न पुसता, किल्लीचे भोक तेवढे मोकळे करून दार उघडले आणि कागदांचा लिफाफा काढून प्रज्ञेशच्या हाती दिला.

व्यंकटरावांनी अडवले नाही. खुर्चीत बसून त्यांनी एवढेच विचारले, “फोन केला तं उचलशील का?”

“उचलीन. बालाजीभाऊंना अरगॉनचं समजावून दिलंय. आन पुढच्या नवमीला दार स्क्रूनं आवळलेलं ठेवा.”

“आन पूजा?” मंजुळाबाईंनी विचारले.

“करा ना काकू. बाहेरून करा.”

“बाहेरून उंबरठा कसा पुजायचा?” त्या पुटपुटल्या, पण फूल लांबून वाहता येईल यावर त्यांनी मनातल्या मनात तडजोड केलेली दिसली.

सोमवारी प्रज्ञेश हैदराबादला रुजू झाला. लिफाफ्यातले सगळे कागद जागच्या जागी होते. त्याने बसमध्ये ते दोनदा पाहिले.

एक गोष्ट अजून उलगडलेली नाही. रिंग खोबणीतून काढल्याशिवाय तिच्याखाली दाणा जाऊ शकत नाही. म्हणजे नवमीची पूजा आणि प्रज्ञेशचे परतणे या दरम्यान कोणीतरी दार उघडले, रिंग काढली, चौकट पुसली, रिंग परत बसवली आणि दार होते तसे लोटून ठेवले. रिंग निघते हे त्या इमारतीत तिघांना माहीत होते. प्रज्ञेश नागपुरात होता. बालाजी म्हणतो, आपण नवमीला प्रसाद घेऊन फाट्याची गाडी धरली. व्यंकटराव म्हणतात, आपल्याला काही आठवत नाही. कुंकवाने यंत्र बिघडून प्रज्ञेशला बोलणी बसू नयेत म्हणून पुसले, देवाचे कुंकू यंत्रात नको म्हणून पुसले, की तो जाऊ नये म्हणून दाणा मुद्दाम तिथे ठेवला, यांपैकी कशालाही पुरावा नाही. चौकट कोणी पुसली, हे माहीत नाही.